फाटकावरची पाटी आणि न जन्मलेली पिल्लं



गेल्या उन्हाळ्यात आपल्या मराठी शाळेच्या मुलांना आम्ही एक शेत दाखवायला नेलं होतं. आयोवात राहायचं आणि मुलांना मका फक्त डब्यातला माहीत असायचा, हे काही बरं दिसत नाही, म्हणून हा बेत. शेतकरी काका अगदी हौशी. त्यांनी मुलांना ट्रॅक्टरवर बसवलं, मक्याची उंची मोजायला लावली, धान्याची उंच कोठारं दाखवली. मग पलीकडच्या लांबलचक पांढऱ्या शेड्सकडे बोट दाखवून एका छोटीने विचारलं, "तिथे काय आहे?" काका म्हणाले, "डुकरिणी आणि त्यांची पिल्लं." झालं! सगळ्यांना पिल्लं बघायची होती.

पण काका फाटकापाशीच थांबले. तिथे पाटी होती : परवानगीशिवाय पुढे येऊ नये, जनावरांना रोगाचा धोका आहे. "मी स्वतःसुद्धा आंघोळ करून, कपडे बदलून मगच आत जातो," ते म्हणाले. डुकरांकडे जायला आंघोळ! मुलं खो खो हसली. खरं सांगायचं तर आम्हीही हसलो. काका मात्र हसले नाहीत.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट त्यांनी आम्हा मोठ्यांना बाजूला घेऊन सांगितली. माद्या खात होत्या, पीत होत्या. दोन-चार दिवस जरा मलूल दिसल्या, एवढंच. आणि मग एकामागून एक वेळेआधीच व्यायला लागल्या. पिल्लं मेलेली, किंवा इतकी अशक्त की आचळापर्यंत पोचत नव्हती. रोज सकाळी ते आणि त्यांचा मुलगा बादल्या भरभरून मेलेली पिल्लं बाहेर काढत होते. हे सांगताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

परतीच्या वाटेवर गाडीत आमचा विषय तोच. आई धडधाकट आणि पिल्लं पोटातच मेलेली, असं कसं होतं? त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला. आपल्यातले बरेच जण डुक्कर हा शब्द फक्त शिवी म्हणून वापरतात, वराह अवताराला नमस्कार करतात आणि विषय संपवतात. पण आयोवाची लोकसंख्या सुमारे ३२ लाख आणि इथली डुकरं दोन कोटींहून जास्त. आपल्या कितीतरी शेजाऱ्यांचं घर यावर चालतं. तेव्हा नाक न मुरडता वाचा!

आधी थोडं कॅलेंडर

डुकरीण गाभण राहिल्यापासून साधारण ११४ दिवसांनी विते. इथले शेतकरी हे फार सोप्या पद्धतीने लक्षात ठेवतात : तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. एका वेतात बारा-पंधरा पिल्लं होणं आजकाल नेहमीचं आहे, आणि वर्षात दोनाहून थोडी अधिक वेतं होतात. म्हणजे एक वेत वाया गेलं की जवळजवळ अर्ध्या वर्षाची मेहनत, खाद्य आणि कर्जाचा हप्ता पाण्यात.

आता एक महत्त्वाची गोष्ट. माणसात आईची रोगप्रतिकारक प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडीज, वारेतून बाळापर्यंत पोचतात. डुकरिणीची वार जाड असते, तिच्यातून त्या पलीकडे जात नाहीत. पिल्लाला आईकडून संरक्षण मिळतं ते जन्मल्यानंतर, पहिल्या चिकातून. पोटात असेपर्यंत ते अगदी उघडं असतं. आणि काही विषाणू मात्र ती वार ओलांडू शकतात!

त्यामुळे विषाणू नेमका कितव्या दिवशी पोचला यावर पिल्लाचं काय होणार हे पुष्कळसं ठरतं :

पहिले साधारण ३५ दिवस : हाडं अजून घट्ट झालेली नसतात. गर्भ मेला तर आईचं शरीर त्याला शोषून घेतं, मागे काहीच उरत नाही. सगळेच गेले तर मादी पुन्हा माजावर येते. काही गेले तर वेत लहान होतं, बारांऐवजी चार-पाचच पिल्लं. शेतकऱ्याला वाटतं, मादीच नीट फळली नाही.

साधारण ३५ ते ७० दिवस : आता हाडं तयार झालेली असतात, गर्भ शोषला जात नाही. तो पोटातच सुकतो, काळपट तपकिरी होतो. याला इजिप्तच्या पिरॅमिडमधल्यासारखंच नाव आहे, ममी.

७० दिवसांनंतर : पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होऊ लागते. काही विषाणूंशी ते पोटातच लढून जिंकतं. काहींपुढे हरतं, आणि मग मेलेलं किंवा अगदी दुबळं जन्माला येतं.

म्हणून अनुभवी पशुवैद्य मेलेल्या वेताकडे एखादं पत्र वाचावं तसं बघतात. ममी पट्टीने मोजतात, कारण डोक्यापासून शेपटाच्या मुळापर्यंतच्या लांबीवरून गर्भ कितव्या दिवशी मेला याचा अंदाज येतो. आई काही बोलत नाही, वेत बोलतं.

पार्व्हो : एकाच वेतात लहानमोठ्या ममी

या पत्राचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे डुकरांचा पार्व्होव्हायरस. हा जगभर आहे, डुकरांचे कळप आहेत तिथे बहुतेक सगळीकडे. मोठ्या डुकराला तो काहीच त्रास देत नाही. ताप नाही, खोकला नाही. पण मादी गाभण असेल, पहिल्यांदाच याच्या तावडीत सापडत असेल आणि गाभणकाळाचा पहिला अर्धा भाग चालू असेल, तर विषाणू वार ओलांडतो.

गंमत (गंमत कसली, दुर्दैवच) अशी की तो सगळ्या पिल्लांना एकदम गाठत नाही. आधी एक-दोघांना, मग गर्भाशयातल्या गर्भाशयात शेजारच्यांना. त्यामुळे मादी विते तेव्हा एक ममी बोटाएवढी, दुसरी तळहाताएवढी, तिसरी त्याहून मोठी आणि सोबत दोन-चार ठणठणीत पिल्लं, असं दृश्य दिसतं. वेगवेगळ्या मापांच्या ममी दिसल्या की पशुवैद्याच्या मनात पहिलं नाव पार्व्होचं येतं.

हा विषाणू शेडमध्ये कित्येक महिने टिकून राहतो, त्यामुळे धुऊन-पुसून त्याला हाकलणं कठीण. पण याच्यावर चांगली लस आहे. पहिल्या वेताच्या माद्यांना गाभण राहण्याआधी लस टोचली की बहुतेक काम होतं.

इथे एक खुलासा. आपल्याकडच्या कुत्र्यांना पार्व्होची लस देतात, तो रोग वेगळा, विषाणूही वेगळा. डुकरांचा पार्व्हो कुत्र्याला होत नाही, माणसालाही नाही.

"पर्स" : खिसा रिकामा करणारा

शेतकरी काकांच्या शेडमध्ये शिरला तो हा नव्हे. त्याचं नाव पीआरआरएस, म्हणजे डुकरांच्या प्रजननाचा आणि श्वसनाचा विकार. इथले लोक त्याला चक्क "पर्स" म्हणतात. आपल्या मराठी कानांना हे नाव अगदी योग्य वाटतं!

१९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत काही कळपांमध्ये माद्या गाभडायला लागल्या, पिल्लं धापा टाकून मरायला लागली. कारण सापडेना. तेव्हा त्याला नुसतं "गूढ रोग" म्हणत. युरोपात काही डुकरांचे कान निळसर पडलेले दिसले म्हणून तिथे "निळा कान" हे नाव पडलं. अखेर १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या लेलीस्टाड इथे शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा केला आणि पाठोपाठ अमेरिकेतही तो सापडला. नवल म्हणजे दोन खंडांतले दोन विषाणू एकमेकांपासून बरेच वेगळे निघाले. आज ते दोन स्वतंत्र जाती मानले जातात.

हा विषाणू इतका त्रासदायक का? कारण तो शरीराच्या पहारेकऱ्यांच्याच घरात राहतो. फुप्फुसात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात, बाहेरून आलेले जंतू गिळून टाकणं हे त्यांचं काम. पर्सचा विषाणू नेमका त्यांच्यातच वाढतो. चोर पोलीस चौकीत बिऱ्हाड थाटतो म्हणा ना! शिवाय तो सतत रूप बदलतो. १९९० च्या दशकापासून लस आहे, तिचा उपयोगही होतो, पण ती पूर्ण संरक्षण देत नाही.

पार्व्हो गाभणकाळाच्या पूर्वार्धात नुकसान करतो, तर पर्सचा विषाणू वार ओलांडतो तो मुख्यतः शेवटच्या महिन्या-सव्वा महिन्यात. म्हणून चित्र वेगळं दिसतं : मादी आठवडाभर आधीच विते, काही पिल्लं नुकतीच मेलेली, काही ममी, काही जिवंत पण अशक्त. जी जगतात त्यांच्यातलीही बरीच दूध सुटण्याआधीच जातात. काकांनी सांगितलेली हकीकत अक्षरशः हीच होती.

आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१६ ते २०२० या काळाचा हिशेब केला, तेव्हा अमेरिकेतल्या डुक्करपालकांचं पर्समुळे होणारं नुकसान वर्षाला सुमारे १२० कोटी डॉलर निघालं. त्यांच्याच २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजात हा आकडा ६६ कोटी ४० लाख डॉलर होता. म्हणजे इतकी वर्षं लढूनही रोग हटलेला नाही.

आणि हा फक्त श्रीमंत देशांचा प्रश्न नाही. २००६ मध्ये चीनमध्ये याचाच एक जहाल प्रकार उसळला आणि मोठी डुकरंसुद्धा मेली. २०१३ मध्ये हा रोग भारतात पहिल्यांदा नोंदला गेला, तो मिझोराममध्ये. तिथे घरामागे दोन-चार डुकरं पाळणं ही घरोघरची बचत असते. मुलांची फी, लग्नकार्य, आजारपण यांसाठी डुक्कर विकायचं. अशा घरातली गाभण डुकरीण गेली की बँकेचं पासबुकच गेलं.

पर्स माणसाला होत नाही आणि मांसातूनही माणसाला अपाय होत नाही, हेही इथे सांगून ठेवतो.

ऑजेस्की : लपून बसणारा

तिसऱ्याची गोष्ट थोडी दिलासा देणारी आहे. हंगेरीच्या अलाडार ऑजेस्की यांनी १९०२ मध्ये या रोगाचं वर्णन केलं. अमेरिकेत याला "खोटा रेबीज" म्हणतात, कारण कुत्र्या-मांजरांना तो झाला तर ती विलक्षण खाजेने वेडीपिशी होऊन मरतात. रेबीजशी त्याचं नातं मात्र काही नाही, हा नागिणीच्या विषाणूच्या कुळातला. त्या कुळाची खोड म्हणजे बरं झाल्यावरही नसांमध्ये दडून बसायचं. डुकरिणीवर ताण आला, प्रवास झाला, ती व्यायला आली, की तो पुन्हा डोकं वर काढतो. गाभण मादी गाभडते आणि लहान पिल्लं झटके येऊन मरतात.

याच्यावर मात करायला एक हुशार युक्ती कामी आली. लसीतल्या विषाणूतून एक प्रथिन मुद्दाम काढून टाकलं. मग रक्त तपासलं की कळतं : त्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीज असल्या तर जनावराला खरा रोग होऊन गेला आहे, नसल्या तर ते फक्त लसवंत आहे. रोगी जनावरं वेचून काढता आली आणि २००४ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या व्यावसायिक कळपांतून हा रोग संपवला गेला. रानडुकरांमध्ये मात्र तो उरला आहे. टेक्सास-फ्लोरिडाकडच्या आपल्या मंडळींनी कुत्र्याला रानडुकराच्या वाटेला जाऊ देऊ नये, ते यासाठी.

मेलेलं वेत, माणसांना इशारा

चौथा विषाणू आपल्याला नावाने परिचित आहे, जपानी मेंदूज्वर. भारतात त्याचे रुग्ण पहिल्यांदा १९५५ मध्ये वेल्लोर भागात सापडले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने यावर अनेक वर्षं काम केलं आहे. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत लहान मुलांना सरकारी लसीकरणात याची लस देतात.

हा पसरतो डासांमार्फत, विशेषतः भातखाचरांत वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमार्फत. बगळ्यांसारखे पाणपक्षी त्याचं मूळ घर. डास पक्ष्याला चावतो, मग डुकराला. डुकराच्या रक्तात विषाणू भरमसाट वाढतो आणि त्याला चावलेले डास पुढे माणसाला चावतात. माणसाच्या रक्तात तो इतका वाढत नाही, त्यामुळे साखळी तिथे थांबते, पण ज्याच्या मेंदूला सूज आली त्याच्या जिवावर बेतते. मांस खाऊन हा रोग होत नाही.

मोठ्या डुकराला याचंही सहसा काही वाटत नाही. पण गाभण मादीची पिल्लं मेलेली, ममी झालेली, कधी डोक्यात पाणी भरलेली जन्मतात. नराच्या वृषणांना सूज येऊन तो काही काळ वांझ होतो.

आपल्या ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांना २०२२ सालचा फेब्रुवारी-मार्च आठवत असेल. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या चार राज्यांतल्या डुक्करपालन केंद्रांवर अशीच विचित्र वेतं दिसू लागली. तपासणी केली तर निघाला जपानी मेंदूज्वर, जो देशाच्या दक्षिण भागात त्याआधी कधी आढळला नव्हता! माणसंही आजारी पडली, काही दगावली. पण त्या वेतांमुळे डास-नियंत्रण आणि लसीकरण कुठे करायचं हे कळलं. शेडमधल्या एका शेतकऱ्याने "यंदा ममी जास्त दिसतात" असा फोन पशुवैद्याला केला, तर त्याचा उपयोग शेकडो मैलांवरच्या माणसांनाही होतो, तो असा.

अर्थात प्रत्येक मेलेल्या वेतामागे विषाणूच असतो असं नाही. लेप्टोस्पायरासारखे जिवाणू, कडक उन्हाळा, बुरशी आलेलं धान्य हीही कारणं असतात. म्हणून अंदाजावर न जाता मेलेली पिल्लं प्रयोगशाळेत पाठवतात. एम्समधल्या आयोवा स्टेटच्या पशुरोग निदान प्रयोगशाळेत अशा नमुन्यांची तपासणी सतत चालू असते.

तर मग ती आंघोळ कशासाठी?

आता फाटकाकडे परत येऊ. पर्सचा विषाणू येतो कसा? नव्या विकत आणलेल्या जनावरातून, नराच्या वीर्यातून, न धुतलेल्या ट्रकमधून, बुटाला लागलेल्या शेणातून, आणि हिवाळ्यात तर हवेतूनसुद्धा काही मैल. थंड, दमट हवेत तो जास्त टिकतो, म्हणून साथी शरद ऋतूपासून वाढतात.

त्यामुळे आत जाणारा प्रत्येक माणूस आंघोळ करतो आणि आतलेच कपडे घालतो. आदल्या एक-दोन दिवसांत दुसऱ्या डुकरांजवळ गेलेल्याला बऱ्याच ठिकाणी प्रवेशच नाही. ट्रक धुऊन, निर्जंतुक करून, कोरडे करून मगच आत येतात. काही शेड्समध्ये तर येणारी हवा गाळून घेतात, आपल्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरसारखी. आणि एवढं करूनही रोग शिरलाच, तर कळप बंद करतात : दोनशे दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ एकही नवी मादी आत आणायची नाही, म्हणजे विषाणूला नवं घर मिळत नाही आणि तो हळूहळू विझतो. काकांनी तेच केलं होतं. त्या दोनशे दिवसांत दर महिन्याला खाद्याचं बिल मात्र वेळेवर येत होतं.

एक आशेची बातमीही आहे. विषाणूला मॅक्रोफेजमध्ये शिरायला सीडी १६३ नावाचं एक प्रथिन दार म्हणून लागतं. मिसूरी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ते दारच जनुकातून काढून टाकलेली डुकरं तयार केली आणि २०१५ मध्ये दाखवून दिलं की त्यांना पर्स होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा जातीच्या डुकरांना मान्यता दिली. म्हणून लगेच उद्या फाटकं उघडतील असं नाही. मांस विकत घेणाऱ्या देशांची संमती हवी, ग्राहकांचा विश्वास हवा. आणि बाकीचे विषाणू आहेतच!

आपण काय करायचं?

आपण शेतकरी नाही, पण या गोष्टीत आपलाही वाटा आहे.

१. भारतातून परत येताना विमानतळावर विचारतात, "शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होता का?" गावी गेला असाल तर खरं सांगा. फार तर बूट तपासतील, धुतील. पाच मिनिटं जातात, बाकी काही नाही.

२. मांसाचे पदार्थ आणू नका. आमच्या गोवेकर मित्रांना घरच्या चोरिसाची आठवण येते हे आम्हाला ठाऊक आहे. पण २०२० मध्ये भारतात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा भयंकर रोग अमेरिकेत अजून आलेला नाही आणि त्याचा विषाणू खारवलेल्या मांसात महिनोन्महिने टिकतो. त्यात डुकरं तर मरतातच, गाभण माद्या गाभडतातही. एका पाकिटासाठी एवढा धोका नको. लाडू, चकल्या आणा आणि त्याही जाहीर करा.

३. फाटकावर पाटी दिसली तर गाडी आत वळवून फोटो काढायला जाऊ नका. फॉल कलर्स बघायला जाताना हा मोह होतो, आम्हालाही झाला आहे.

४. शेजारचा शेतकरी हिवाळ्यात गप्प गप्प दिसला तर "कसं चाललंय?" असं विचारा.

त्या दिवशी मुलांना पिल्लं प्रत्यक्ष बघता आली नाहीत. काकांनी मग फोन काढून आदल्याच रात्री व्यालेल्या डुकरिणीचा व्हिडिओ दाखवला. चौदा पिल्लं, एका ओळीत आईला लुचत होती. मुलांनी मराठीत मोजली, एक ते चौदा. काकांना काही कळलं नाही, पण शेवटच्या "चौदा!"ला तेही हसले.

लेख कसा वाटला ते जरूर कळवा. पुढच्या सहलीला जाताना स्वच्छ बूट विसरू नका!

— संपादक मंडळ